पेपर कोणी वाचायचा?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

डिसेंबर ते मार्च हा आपल्याकडे परिषदांचा हंगाम. राज्यशास्त्राचे संशोधक विद्यार्थी या दिवसांत एसटीने, रेल्वेने या गावाहून त्या गावी जातात, आपल्या पेपरवर, म्हणजे शोधनिबंधावर, सात-आठ मिनिटे बोलतात, प्रमाणपत्र घेतात आणि परत येतात. त्यांच्या मुख्य मुद्द्यालाच कोणी हरकत घेतली, एखाद्या वाक्यावर बोट ठेवून ‘हे यातून निघत नाही’ असे म्हटले, हे क्वचितच घडते. यात सर्वांत जास्त नुकसान राजकीय सिद्धांताचे, म्हणजे हक्क, सत्ता यांसारख्या कल्पनांच्या अभ्यासाचे, होते. यावर एक करून पाहिलेला उपाय आहे. संशोधक विद्यार्थ्यांनी स्वतःच भरवलेली लहान परिषद. ती कशी भरवतात आणि कुठे फसते, हे जरा तपशिलाने मांडावे म्हणून हे पत्र.

‘पेपर वाचला’ असे आपण लिहिणाऱ्याबद्दल म्हणतो. तो व्यासपीठावरून वाचतो, बाकीचे ऐकतात. अमेरिकेत प्रिन्स्टन विद्यापीठाच्या राज्यशास्त्र विभागातले पीएच.डी.चे विद्यार्थी राजकीय सिद्धांताची जी परिषद भरवतात, तिथे पेपर वाचायचा असतो तो ऐकणाऱ्यांनी, आणि तोही आधी, घरी बसून. मागवतात तो पूर्ण लिहिलेला पेपर, ७,५०० शब्दांच्या मर्यादेत. त्यावर लेखकाचे नाव नसते, विद्यापीठही नसते. निवड विभागातले विद्यार्थीच करतात आणि साधारण आठच पेपर घेतात. निवडलेले पेपर सगळ्यांना अगोदर पाठवले जातात. एका सत्रात एकच पेपर असतो. तिथलाच एक विद्यार्थी भाष्यकार म्हणून, म्हणजे त्या पेपरची चिकित्सा मांडून, सत्र सुरू करतो आणि मग भरपूर वेळ प्रश्नोत्तरे चालतात. एका ज्येष्ठ अभ्यासकाचे बीजभाषण असते. बाहेरून येणाऱ्यांच्या प्रवासाला आणि राहण्या-जेवणाला समिती मदत करते. हार्वर्डचे विद्यार्थीही अशी परिषद भरवतात. इंग्लंडमध्ये मँचेस्टरला सप्टेंबरात राजकीय सिद्धांताच्या बऱ्याच कार्यशाळा एकाच वेळी चालतात आणि त्यांतल्या कित्येकांचे निमंत्रक पीएच.डी. करणारेच असतात.

हीच पद्धत सिद्धांताला का लागते, ते समजून घेतले पाहिजे. निवडणुकांवरचा पेपर असेल तर दहा मिनिटांतही काहीतरी हाती लागते. एक तक्ता दाखवता येतो, मतांची टक्केवारी सांगता येते. सिद्धांताच्या पेपरात तक्ता नसतो. युक्तिवाद हाच तिथे निष्कर्ष असतो, आणि तो पानापानांतून पायरीपायरीने चढत जातो. समजा कोणी ‘अधिकार’ या कल्पनेवर मराठीत लिहिले आहे. हा शब्द मराठीत तीन कामे करतो. ‘माहितीचा अधिकार’ म्हणतो तेव्हा तो हक्क असतो. ‘तहसीलदारांचे अधिकार’ म्हणतो तेव्हा ती पदामुळे आलेली सत्ता असते. ‘त्या विषयात त्यांचा अधिकार मोठा’ म्हणतो तेव्हा ती पात्रता असते. पेपरच्या तिसऱ्या पानावर हक्क या अर्थाने आलेला शब्द अकराव्या पानावर नकळत पात्रतेच्या अर्थाने वापरला गेला, तर ‘अधिकार जन्माने मिळतो’ इथून ‘अधिकार कमवावा लागतो’ इथपर्यंत लेखक मधली पायरी न चढताच पोहोचतो. ही घसरण ऐकताना सापडत नाही. हातात पेन्सिल घेऊन कागदावर वाचताना सापडते. म्हणून २५० शब्दांच्या गोषवाऱ्यावरून सिद्धांताच्या पेपरची निवड करू नये. गोषवाऱ्यात फक्त विषय कळतो, आणि विषय तर सगळ्यांचेच चांगले असतात.

ही रीत आपल्याला परकी नाही. ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात २५ वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी भारतातील जातींवरचा आपला निबंध मांडला. पुढच्या वर्षी तो ‘इंडियन अँटिक्वेरी’ या नियतकालिकात छापून आला. सेनार, नेसफिल्ड, रिस्ले या युरोपीय अभ्यासकांच्या जातीच्या व्याख्या ते एकेक करून तपासतात आणि मग श्रीधर व्यंकटेश केतकरांच्या व्याख्येशी येतात. केतकरांनी जातीची दोन लक्षणे सांगितली होती. सभासदत्व जन्माने मिळते आणि जातीबाहेर लग्नाला बंदी असते. आंबेडकर दाखवतात की ही दोन वेगळी लक्षणे नाहीतच, एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत. बाहेर लग्न बंद केले की आत यायला जन्माशिवाय वाटच उरत नाही. दुसऱ्याचे म्हणणे नीट मांडायचे, त्यातला नेमका सांधा पकडायचा आणि तो का ढिला आहे ते एका वाक्यात दाखवायचे, हे भाष्यकाराचे काम तिथे पूर्ण झालेले दिसते. निबंधाच्या शेवटी ते असेही सांगतात की आपला सिद्धांत टिकत नाही असे दाखवून दिले, तर तो सोडून द्यायला आपण तितकेच तयार आहोत. आपल्या संशोधक विद्यार्थ्याला हे म्हणायची संधी तरी कुठे मिळते? त्यासाठी कोणीतरी पेपर वाचून आलेले असावे लागते.

आता प्रत्यक्ष कामाचे. समिती पाच-सहा जणांची पुरे. दोन समन्वयक असावेत. एक प्रबंध संपवत आलेला आणि एक दुसऱ्या-तिसऱ्या वर्षातला, म्हणजे पुढच्या वर्षी काम नव्याने शिकावे लागत नाही. फेब्रुवारीत परिषद हवी असेल तर समिती जूनमध्ये बसली पाहिजे. जुलैत आवाहन काढायचे आणि पेपर पाठवण्याची मुदत सप्टेंबरअखेरची ठेवायची. ऑक्टोबर-नोव्हेंबरात दिवाळी आणि विद्यापीठाच्या परीक्षा येतात. त्या दिवसांत मुदत ठेवली की पेपर उशिरा येतात आणि वाचणारेही पर्यवेक्षणात अडकलेले असतात. नोव्हेंबरच्या शेवटी निवड कळवायची, सुधारलेला पेपर १० जानेवारीपर्यंत घ्यायचा आणि परिषदेच्या तीन आठवडे आधी सगळ्यांना पाठवायचा. तो दोन दिवस आधी हाती पडला तर कोणी वाचत नाही, आणि मग भाष्यकार सोडून सगळे सभागृह गप्प बसते. वेळापत्रकात बाकी काहीही मागेपुढे झाले तरी चालेल, हे तीन आठवडे मात्र कमी होऊ देऊ नयेत.

आवाहन एका पानाचे असावे. ‘लोकशाही : आव्हाने आणि संधी’ असले विषय देऊ नयेत, कारण त्यात सगळेच बसते आणि कोणाचेच कोणाशी जुळत नाही. राजकीय सिद्धांत, राजकीय तत्त्वज्ञान आणि राजकीय विचारांचा इतिहास यांतला कुठलाही विषय चालेल असे सरळ लिहावे. शब्दमर्यादा, मुदत, किती पेपर घेणार, खर्च कोणता देणार आणि कोणता नाही, हे सगळे पहिल्याच पानावर यावे. मराठी पेपर चालतील हेही ठळक लिहावे. मराठीत लिहिणाऱ्याने इंग्रजी गोषवारा जोडावा अशी अट घालू नये.

नाव झाकणे हे वाटते त्यापेक्षा किचकट काम आहे. मुखपृष्ठ काढले म्हणजे झाले, असे नसते. वर्डच्या फाइलमध्ये लेखकाचे नाव गुणधर्मांच्या खान्यात दडलेले असते आणि पीडीएफ केली तरी ते बरेचदा सोबत जाते. गुगल ड्राइव्हची लिंक दिली तर खात्याचे नाव दिसते. तळटिपेत ‘मी माझ्या आधीच्या लेखात दाखवल्याप्रमाणे’ असे असते, ऋणनिर्देशात मार्गदर्शकांचे नाव असते. म्हणून समितीतल्या एकाकडे फक्त हेच काम द्यावे. आलेली प्रत्येक फाइल उघडून साफ करायची, तिला क्रमांक द्यायचा आणि कोणत्या क्रमांकाचा पेपर कोणाचा ही यादी स्वतःजवळ ठेवायची. त्याने एकही पेपर तपासायचा नाही आणि निवडीच्या बैठकीत मत द्यायचे नाही. महाराष्ट्रात आणखी एक अडचण आहे. विषयाचा परिसर लहान आहे, त्यामुळे विषयावरूनच लेखक ओळखू येतो. त्यावर उपाय म्हणजे निम्मे वाचक दुसऱ्या विद्यापीठातले घ्यायचे. पेपर ओळखीचा वाटला तर वाचकाने तो परत करायचा आणि बदली पेपर घ्यायचा.

वाचनाचा हिशोब आवाहन काढण्यापूर्वीच मांडावा. समजा ६० पेपर आले. प्रत्येकाला दोन वाचक म्हणजे १२० वाचने. बारा वाचक असतील तर प्रत्येकी दहा पेपर. ७,५०० शब्दांचा पेपर दुहेरी अंतराने छापला तर पंचवीस-तीस पाने होतो, म्हणजे एकेकाच्या वाट्याला अडीचशे-तीनशे पाने. चार आठवडे दिले तर हे जमते, दोन आठवडे दिले तर लोक पहिली चार पाने वाचून गुण देतात. गुण एक ते पाच पुरेत. दोघांच्या गुणांत दोनाहून जास्त फरक पडला तर तिसऱ्याने वाचायचे. गुणांपेक्षा उपयोगी एक अट आहे. प्रत्येक वाचकाने पेपरचे म्हणणे आपल्या शब्दांत एका वाक्यात लिहायचे. दोन वाचकांची वाक्ये जुळली नाहीत, तर एक तर पेपर अस्पष्ट आहे किंवा दोघांपैकी एकाने तो वाचलेला नाही. दोन्ही गोष्टी बैठकीआधी कळलेल्या बऱ्या.

आठ पेपर निवडले की दोन जणांना प्रतीक्षायादीवर ठेवावे आणि तसे त्यांना स्पष्ट कळवावे, कारण मुलाखत, आजारपण किंवा रजा न मिळणे यांपैकी काहीतरी एकाच्या तरी वाट्याला येतेच. नाकारलेल्यांना नुसता ‘खेद आहे’चा ईमेल पाठवू नये. सगळ्यांना सविस्तर लिहिणे शक्य नसते, पण शेवटच्या पंधरा-वीसांत पोहोचलेल्यांना वाचकांच्या टिपणातली चार-पाच वाक्ये द्यावीत. पुष्कळ विद्यार्थ्यांना अनोळखी वाचकाचा अभिप्राय आयुष्यात पहिल्यांदा तिथेच मिळतो. निवड झालेल्याने मधल्या काळात वेगळाच पेपर पाठवला तर तो घेऊ नये. सुधारणा वेगळी आणि बदली वेगळी, हे निवडीच्या पत्रातच लिहून द्यावे.

एका सत्राला ७५ मिनिटे द्यावीत. भाष्यकाराला १२, लेखकाला उत्तरासाठी ८, उरलेली ५५ सभागृहाची. दिवसाला चार सत्रे म्हणजे पाच तास, शिवाय पहिल्या दिवशी तासाभराचे बीजभाषण, जेवण आणि चहा. दोन दिवसांत आठ पेपर आरामात होतात. समांतर सत्रे ठेवू नयेत. सगळ्यांनी तेच आठ पेपर वाचलेले असणे हीच या परिषदेची ताकद आहे. दुसऱ्या दिवशी दुपारी कोणी म्हणतो, ‘काल सकाळच्या पेपरात याच्या उलट मुद्दा होता’, आणि सभागृहातल्या प्रत्येकाला तो माहीत असतो.

भाष्यकार बहुतेक वेळा तीन प्रकारे चुकतात. पहिला दहा मिनिटे सारांश सांगतो. वाचून आलेल्यांना सारांश नको असतो, दोन मिनिटांत म्हणणे मांडले की पुरे. दुसरा शुद्धलेखनाच्या आणि संदर्भांच्या चुकांची यादी वाचतो. ती लेखकाच्या हातात कागदावर द्यावी. तिसरी चूक सगळ्यांत मोठी. भाष्यकार आपल्याला हवा होता तो पेपर का लिहिला नाही, असे विचारत राहतो. ‘यात अमुक विचारवंत का नाही?’ हा प्रश्न तेव्हाच योग्य, जेव्हा त्या विचारवंतामुळे या पेपरचा एखादा टप्पा कोसळतो किंवा सावरतो. भाष्य आठवडाभर आधी लेखकाला पाठवावे. अचानक कोंडीत पकडल्यावर माणूस बचाव करतो, विचार करत नाही.

प्रश्नोत्तरांत अध्यक्षाकडे वही हवी. नवा प्रश्न असेल तर पूर्ण हात वर, चाललेल्याच मुद्द्यावर जोडायचे असेल तर एक बोट, ही खूण सुरुवातीलाच सांगावी. बोटवाल्यांना अर्धा मिनिट मिळते आणि मुद्दा तुटत नाही. पहिले तीन प्रश्न विद्यार्थ्यांचे, हा नियम पाळावा. ज्येष्ठ प्राध्यापकाने पहिला प्रश्न विचारला की पुढचे सगळे त्या प्रश्नाभोवती फिरतात आणि विद्यार्थी हात वर करत नाहीत. बीजभाषण देणाऱ्या पाहुण्यांनी भाषण करून निघून जाऊ नये. त्यांनी दोन्ही दिवस थांबावे अशी विनंती निमंत्रणातच करावी आणि ते शक्य नसेल तर दुसऱ्या कोणाला बोलवावे. आठ विद्यार्थ्यांच्या पेपरवर ज्येष्ठ अभ्यासकाने विचारलेला एकेक प्रश्न त्या भाषणाइतकाच मोलाचा असतो.

दीपप्रज्वलन, सत्कार, प्रास्ताविक, परिचय, मनोगत, अध्यक्षीय समारोप आणि आभार यांना मिळून दोन तास जातात. म्हणजे दीड पेपर गेला. उद्घाटन दहा मिनिटांत आटपावे.

पैशांचे गणित कठीण आहे, पण अशक्य नाही. आठ लेखकांचा स्लीपर किंवा एसटीचा प्रवास, विद्यापीठाच्या अतिथिगृहात किंवा वसतिगृहात दोन रात्री, चाळीस माणसांचे दोन दिवसांचे साधे जेवण आणि चहा, आणि पाहुण्यांचा प्रवास हे मुख्य खर्च. पेपरच्या छापील प्रती सगळ्यांना देऊ नयेत. आठ पेपर, प्रत्येकी पंचवीस पाने, चाळीस जण म्हणजे ८,००० पाने होतात. पानाला दीड रुपया धरला तरी बारा हजार रुपये. पीडीएफ पाठवावी आणि दहा संच सभागृहात ठेवावेत. पिशवी, पेन, स्मृतिचिन्ह, शाल, श्रीफळ आणि फ्लेक्स वगळले की दोन-तीन लेखकांचा प्रवासखर्च सुटतो. निधीसाठीचे अर्ज संस्थेच्या नावाने जातात, म्हणून एक शिक्षक कागदोपत्री समन्वयक लागतो. भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद चर्चासत्रांना अनुदान देते आणि तिचे पश्चिम विभागीय केंद्र मुंबईतच आहे. सहभागी विद्यार्थ्यांकडून नोंदणी शुल्क मुळीच घेऊ नये. बार्टी, सारथी किंवा महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्तीवर घर चालवणाऱ्याला हजार-दीड हजारांचे शुल्क, वर प्रवास, हे परवडत नाही. आणि शुल्कावर परिषद चालली की जास्त पेपर म्हणजे जास्त पैसे, हे गणित समितीच्या निवडीत शिरते.

आपल्या परिषदा अशा का झाल्या, याचे एक कारण नियमांत आहे. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८च्या नियमावलीत शिक्षकांच्या संशोधन गुणांकनात परदेशातल्या आंतरराष्ट्रीय परिषदेतल्या पेपरला ७, देशातल्या आंतरराष्ट्रीय परिषदेतल्या पेपरला ५, राष्ट्रीयला ३ आणि राज्य किंवा विद्यापीठ पातळीवरच्या पेपरला २ गुण आहेत. गुण पेपर मांडण्याला आहेत. दुसऱ्याचा पेपर वाचून भाष्य करण्याला एकही नाही. विद्यार्थ्यांच्या बाजूने पाहिले तर यूजीसीच्या पीएच.डी.च्या २०१६च्या नियमांनुसार प्रबंध सादर करण्याआधी परिषदांत दोन पेपर मांडणे बंधनकारक होते. २०२२च्या नियमांनी ती सक्ती काढली. म्हणजे निदान विद्यार्थ्यांना आता प्रमाणपत्रासाठी धावायचे कारण उरलेले नाही. मोठ्या परिषदेऐवजी लहान परिषद भरवायला याहून चांगली वेळ नाही.

संयोजकांबद्दल दोन गोष्टी आग्रहाने सांगायच्या आहेत. पहिली कामाच्या वाटपाची. आपल्या कार्यक्रमांत विद्यार्थिनींना रांगोळी, औक्षण, नोंदणीचे टेबल आणि सूत्रसंचालन, तर विद्यार्थ्यांना सत्राचे अध्यक्षपद, हे इतके रुळले आहे की कोणी ठरवून करत नाही, तरी होते. म्हणून आठ भाष्यकार, आठ अध्यक्ष आणि चहा-नोंदणीची पाळी यांचे कोष्टक जानेवारीतच भिंतीवर लावावे. नोंदणीच्या टेबलावर बसलेल्या मुलीने पेपर वाचलेले असतात आणि प्रश्नोत्तरांच्या वेळी ती बाहेर असते, हे थांबले पाहिजे. दुसरी गोष्ट कष्टांची. संयोजनात संशोधकाचे तीन-चार महिने अर्धे जातात. मार्गदर्शकांनी ते प्रगती अहवालात काम म्हणून धरावे. पन्नास-साठ पूर्ण पेपर गटाने वाचणे, नकार लिहिणे, दुसऱ्याच्या युक्तिवादावर बारा मिनिटे नेमके बोलणे हे सिद्धांताचे शिक्षणच आहे, आणि ते अभ्यासक्रमातल्या कुठल्याही विषयात मिळत नाही.

परिषद संपल्यावर छापील संग्रह काढायची घाई करू नये. ज्या पेपरवर तासभर चर्चा झाली तो अजून दुरुस्त व्हायचा असतो. तो आठवडाभरात आयएसबीएन (पुस्तकाचा नोंदणी क्रमांक) लावून छापला तर चर्चा वाया गेली. सहा महिने द्यावेत आणि लेखकाने आपणहून तो ‘समाज प्रबोधन पत्रिका’ किंवा वाईच्या ‘नवभारत’सारख्या नियतकालिकाकडे पाठवावा.

विभागप्रमुखांकडून लागेल ते थोडे आहे. दोन दिवस एक सभागृह, अतिथिगृहाच्या खोल्या, अनुदानाच्या अर्जावर सही, आणि निवडीत कोणाच्याही शिफारशीने फेरफार होणार नाही असा लेखी शब्द. हा शब्द आवाहनासोबत जुलैतच छापावा.

आपले,
राजकीय सिद्धांताचे काही अभ्यासक, पुणे